दंतकथेची रोवणी : मध्ययुगातली गोष्ट विज्ञानकथेत कशी जाते

जैतपाळ राजाने साधूंना कोंडून ठेवले होते. त्याची अट एकच होती. घोड्याच्या रिकिबीत एक पाय ठेवल्यापासून दुसरा पाय पलीकडे टाकेपर्यंत जेवढा वेळ जातो, तेवढ्यात ब्रह्माचा साक्षात्कार घडवा. कुणालाही ते जमत नव्हते आणि बंदिशाळा भरत चालली होती. मग मुकुंदराज आले. राजाने रिकिबीत पाय ठेवला आणि त्याच अवस्थेत त्याची समाधी लागली. भानावर आल्यावर त्याने सगळ्या कैद्यांना सोडून दिले.

ही आख्यायिका ‘विवेकसिंधु’ या ग्रंथाच्या कर्त्याची आहे. परंपरेप्रमाणे ग्रंथाचा काळ शके १११०, म्हणजे इ. स. ११८८. त्यात वैनगंगेच्या तीरावरच्या अंबानगरीचा उल्लेख येतो. विदर्भातले लोक ही नगरी म्हणजे आंभोरा असे मानतात. आंभोरा नागपूर जिल्ह्याच्या कुही तालुक्यात येते आणि नदीच्या पैलतीराला भंडारा जिल्हा सुरू होतो. मराठवाड्यातल्या अंबाजोगाईत मुकुंदराजांची समाधी दाखवतात, त्यामुळे तिकडचाही दावा जुना आहे. जैतपाळ नेमका कोण, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. दंतकथेचे मात्र त्यावाचून अडले नाही. रिकिबीतला पाय लोकांच्या लक्षात राहिला.

अशी एखादी गोष्ट उचलून भविष्यकाळात नेली, तिच्यातला घोडा आणि राजा बदलले, चमत्काराच्या जागी एखादे यंत्र आणले, नायकाच्या जागी सोळा वर्षांची मुलगी उभी केली, तर ती तीच गोष्ट राहते का? गेल्या काही दशकांत इंग्रजीत अशा कादंबऱ्यांची स्वतंत्र परंपराच तयार झाली आहे : मध्ययुगीन दंतकथा, विज्ञानकथेचे जग, कुमारवयीन वाचक, आणि पूर्वी गोष्टीबाहेर राहिलेल्या माणसांना आत घेण्याची जाणीवपूर्वक इच्छा. त्या कशा घडतात हे समजून घ्यायला भंडाऱ्याचा परिसर सोयीचा आहे, कारण वैनगंगेच्या या पट्ट्यात दंतकथाही आहेत आणि त्या पुन्हा पुन्हा सांगण्याची सवयही.

शेवट ठाऊक असलेली गोष्ट

भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर आणि नागपूरचा काही भाग मिळून झाडीपट्टी होते. धानाची कापणी सरत आली की इथल्या गावांत शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, भरतात आणि रात्र रात्र नाटके चालतात. त्याहून जुने आहे ते दंडार हे लोकनाट्य. त्यात स्त्रीभूमिकाही परंपरेने पुरुषच करत आले. प्रेक्षकाला कथा पाठ असते. कोण मरणार, कोण जिंकणार, हे आजी-आजोबांच्या तोंडून आधीच कळलेले असते. तरी माणसे थंडीत घोंगड्या पांघरून पहाटेपर्यंत बसतात.

प्रेक्षक पुढे काय होणार हे पाहायला येत नाही. आज हे लोक ते कसे करतात, हे पाहायला तो येतो. ठाऊक असलेली कथा सांगणाऱ्याला एक मोठी सवलत देते. पार्श्वभूमी समजावण्यात वेळ घालवावा लागत नाही. आणि जिथे तो कथा किंचित वळवतो, ते वळण प्रेक्षकाला लगेच जाणवते. अनोळखी गोष्टीत बदल केला तर तो बदल आहे हेच कळत नाही. म्हणून पुनर्कथनाला मूळ कथा प्रसिद्ध असावी लागते.

धानाच्या रोवणीत जे घडते तेच इथे घडते. पऱ्हे, म्हणजे कोवळी रोपे, एका बांधीत वाढतात, मग उपटून दुसऱ्या बांधीत रोवले जातात. मुळे तीच असतात, चिखल नवा असतो. मुळे तुटली तर रोप जळते, आणि पहिल्या बांधीतच राहू दिले तर दाटीत खुरटते. दंतकथेची मुळे कोणती आणि चिखल कोणता, हे ओळखणे हेच पुनर्कथन करणाऱ्याचे पहिले काम असते.

जैतपाळाच्या कथेत घोडा हा चिखल आहे. राजाचे नाव, बंदिशाळेची जागा, हेही चिखलच. मुळे दोन : सत्तेला सगळे तत्काळ हवे असते, हे एक. आणि एका क्षणात अपार काळ सामावू शकतो, हे दुसरे. यांतले एक जरी सुटले तरी उरते ती निव्वळ साहसकथा.

आर्थर अवकाशात जातो तेव्हा

या प्रकारातले अलीकडचे ठळक उदाहरण म्हणजे ए. आर. कॅपेटा आणि कोरी मॅकार्थी यांची ‘वन्स अँड फ्यूचर’ ही २०१९ ची कादंबरी. तिचा दुसरा भाग ‘सोर्ड इन द स्टार्स’ २०२० मध्ये आला. मूळ दंतकथा ब्रिटनच्या आर्थर राजाची. दगडात रुतलेली तलवार जो उपसेल तो राजा, मर्लिन हा त्याचा जादूगार गुरू, गोल मेजाभोवतीचे सरदार, राणी ग्वेनेव्हीर, आणि शेवटी घायाळ आर्थरला ॲव्हलॉन बेटाकडे नेले जाते. तो मेला नाही, गरज पडेल तेव्हा परत येईल, अशी श्रद्धा या कथेला जोडलेली आहे.

कादंबरीकारांनी नेमकी हीच श्रद्धा धरली आणि तिला शब्दशः खरे मानले. आर्थर परत येतो, एकदा नव्हे, वारंवार. प्रत्येक वेळी मर्लिनला त्याला शोधून, शिकवून गादीवर बसवायचे असते आणि प्रत्येक वेळी शेवट वाईट होतो. कादंबरी सुरू होते तेव्हा बेचाळिसाव्या फेरीची पाळी असते. माणसे पृथ्वी सोडून इतर ग्रहांवर पसरलेली आहेत. मर्सर नावाची एकच कंपनी सगळे विकते आणि त्या जोरावर सगळ्यांवर राज्य करते. केच या ग्रहावरून आलेली, लपून राहणारी एरी नावाची तरुणी जुन्या पृथ्वीवर उतरते आणि झाडात रुतलेली तलवार उपसते. या वेळचा आर्थर ही मुलगी आहे.

मर्लिनचे वय उलटे चालते ही कल्पना आज अनेकांना आर्थरकथेचा पुरातन भाग वाटते. वस्तुतः ती टी. एच. व्हाइट यांच्या विसाव्या शतकातल्या कादंबऱ्यांतून लोकप्रिय झाली. कॅपेटा आणि मॅकार्थी यांनी तिला तर्काच्या टोकापर्यंत नेले. शतकानुशतके उलटे जगून मर्लिन आता किशोरवयात पोचला आहे, आणि फेरा थांबला नाही तर तो बाळ होऊन संपणार आहे. त्यामुळे गुरूलाही जिवाची भीती आहे, आणि तो कुमार वाचकाच्याच वयाचा झाला आहे. एका जुन्या कल्पनेतून कथेची निकड आणि वाचकाशी जवळीक अशा दोन्ही गोष्टी लेखकांनी मिळवल्या. कादंबरीतली ही सर्वांत सशक्त जुळणी आहे.

> चौकट : आर्थर किती वेळा बदलला
>
> मॉनमथच्या जेफ्रीने ११३६ च्या सुमारास लॅटिनमध्ये ब्रिटनच्या राजांचा इतिहास लिहिला आणि आर्थरला सलग चरित्र दिले. याच शतकाच्या उत्तरार्धात क्रेतियाँ द त्र्वा या फ्रेंच कवीने लान्सलॉट आणि राणी यांचे प्रेम कथेत आणले, ग्रेल नावाच्या गूढ भांड्याची गोष्टही त्यानेच सुरू केली. टॉमस मॅलरीने हे सारे इंग्रजीत एकत्र केले. विल्यम कॅक्स्टनने ते १४८५ मध्ये छापले. मार्क ट्वेनने १८८९ मध्ये एका अमेरिकी कारागिराला आर्थरच्या दरबारात पाठवले. १९८२ मध्ये सुरू झालेल्या ‘कॅमलॉट ३०००’ या चित्रकथेत सगळे सरदार भविष्यात पुन्हा जन्मतात. म्हणजे ‘मूळ’ आर्थर म्हणून जे सांगितले जाते तेही तीन-चार पुनर्कथनांचे मिश्रण आहे.

चमत्काराला नियम लागतो

दंतकथेत चमत्कार घडतो आणि श्रोता तो स्वीकारतो. विज्ञानकथेतही अशक्य वाटणारी गोष्ट घडते, पण ती कोणत्या नियमाने घडते, त्या नियमाची मर्यादा काय आणि किंमत काय, हे लेखकाला ठरवावे लागते. नियम खरा सिद्ध झालेला असण्याची गरज नसते. तो एकदा सांगितला की शेवटपर्यंत पाळला पाहिजे, एवढेच. जैतपाळाच्या कथेवर हे करून पाहण्यासारखे आहे.

घटना अशी : बाहेरच्या माणसांसाठी दोनेक सेकंद गेले, राजाच्या अनुभवात मात्र फार मोठा काळ सामावला. काळाचा वेग बदलणारे विज्ञान म्हटले की पहिल्यांदा आठवते आइन्स्टाइनचे सापेक्षतेचे तत्त्व. त्यानुसार वेगाने जाणाऱ्याचे घड्याळ थांबलेल्याच्या तुलनेत मंद चालते. प्रकाशाच्या वेगाच्या सुमारे ८७ टक्के वेगाने एखादी व्यक्ती प्रवास करून आली, तर तिचे एक वर्ष सरते तेव्हा घरच्यांची दोन सरलेली असतात. प्रचंड वस्तुमानाच्या जवळही घड्याळ मंदावते. ही केवळ कागदावरची गणिते नाहीत. मोबाइलवर रस्ता दाखवणाऱ्या जीपीएस उपग्रहांवरची घड्याळे या दोन परिणामांची वजाबाकी होऊन जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे धावतात. ही दुरुस्ती केली नाही तर एकाच दिवसात जागेचा अंदाज कित्येक किलोमीटरने चुकेल.

पण सापेक्षता जैतपाळाच्या उपयोगाची नाही. ती उलट दिशेने चालते. प्रवाशाचा काळ थोडा जातो, घरच्यांचा खूप. या दिशेला बसणारी कथा भागवतात आहे. ककुद्मी राजा आपली मुलगी रेवती हिला घेऊन ब्रह्मलोकात वर विचारायला जातो, तिथले गायन संपेपर्यंत थांबतो, आणि तेवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे उलटून जातात. रेवतीची कथा अवकाशयानात बसवायला नियम तयार आहे. जैतपाळाला मात्र बाहेरच्यांपेक्षा जास्त काळ मिळाला. सापेक्षतेने तसे करायचे तर राजा जागेवर राहून बाकी सगळे जग एखाद्या कृष्णविवराच्या काठावर न्यावे लागेल. वैनगंगेच्या तीरावर ते शक्य नाही.

मग लेखक दुसरा नियम शोधतो. काळ तोच राहू द्या, मनाचा वेग बदला. माणसाच्या मज्जातंतूतला सर्वांत वेगवान संदेश सेकंदाला शंभरेक मीटर धावतो. तांब्याच्या तारेतला विद्युत संदेश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. दोघांत वीस लाख पटींचा फरक आहे. आता कल्पना अशी करायची की एखादे मन काही काळापुरते यंत्रावर चालवता आले आणि ते वीस लाख पटींनी वेगाने विचार करू लागले. रिकिबीतून पाय पलीकडे टाकायला दोन सेकंद लागतात असे धरले, तर आतल्या मनासाठी चाळीस लाख सेकंद जातील. म्हणजे सेहेचाळीस दिवस.

आकडा हाती आल्यावर कथा आपोआप वाढू लागते. सेहेचाळीस दिवस झोप नाही, अन्न नाही, दुसरा माणूस नाही. बाहेर पाहावे तर घोड्याची शेपटी हवेत गोठल्यासारखी. ज्याला सगळे ताबडतोब हवे होते त्याला जगातला सर्वांत लांब क्षण मिळाला. शिक्षा आणि साक्षात्कार इथे एकच होतात. दंतकथेचा गाभा जसाच्या तसा राहिला, आणि राजा बाहेर येऊन कैद्यांना का सोडतो याचे मानवी कारणही सापडले. नियम नेमका निवडला की तो कथेला असे काम करून देतो. केवळ घोड्याच्या जागी यान ठेवल्याने हे होत नाही. अनेक फसलेल्या विज्ञानकथा त्या अदलाबदलीपाशीच थांबलेल्या असतात.

एका देहातून दुसऱ्या देहात

दुसरी कथा याहूनही विज्ञानकथेच्या जवळची आहे. महानुभाव परंपरेनुसार द्वारावतीचे चांगदेव राउळ यांनी देह ठेवला, आणि त्याच सुमारास भडोचच्या प्रधानाचा तरुण मुलगा हरिपाळदेव मरण पावला. चितेवरच्या त्या देहात चांगदेवांनी प्रवेश केला. हरिपाळ उठून बसला. घरच्यांना मुलगा परत मिळाला, पत्नी कमळाइसेला पती परत मिळाला. पुढे त्यांचा संसार झाला, द्यूताचा नाद लागला, कर्ज फेडायला पत्नीने दागिने देण्यास नकार दिला, आणि त्यातून विरक्ती आली. रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून ते घराबाहेर पडले. ऋद्धिपूरला गुरू गोविंदप्रभूंची भेट झाली आणि ते महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधर झाले.

चक्रधरांच्या भ्रमंतीत भंडारा येते. त्यांच्या आरंभीच्या अनुयायांत नीळभट्ट भांडारेकार आहेत. हे सारे ज्या ‘लीळाचरित्रा’त आहे ते म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात सिद्ध केले. चक्रधरांसोबत वावरलेल्या माणसांकडे जाऊन त्यांनी एकेक आठवण गोळा केली. पुढे मूळ पोथी हरवली आणि ग्रंथ स्मरणातून पुन्हा उभा करावा लागला. त्यात हिराइसा या स्त्रीच्या स्मरणाचा वाटा मोठा मानला जातो. आजही या ग्रंथाचे वेगवेगळे पाठ आहेत. एकच प्रसंग दोघांना वेगळा आठवला तर दोन्ही आठवणी नोंदवण्याची शिस्त मराठी गद्याच्या आरंभीच दिसते, ही फार मोठी गोष्ट आहे.

आजच्या विज्ञानकथेत परकायाप्रवेशाला मनाचे स्थानांतर म्हणतात. त्याच्या वाटेत पहिली अडचण आकाराची. मानवी मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत आणि त्यांच्यातल्या जोडण्यांची संख्या शंभर लाख कोटींच्या घरात जाते. २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी फळमाशीच्या संपूर्ण मेंदूचा जोडणी-नकाशा पूर्ण केला. त्यात सुमारे १ लाख ४० हजार पेशी आणि पाच कोटी जोडण्या आहेत. एवढ्याशा माशीसाठी अनेक देशांतल्या शेकडो संशोधकांना वर्षानुवर्षे काम करावे लागले. माणसाचा नकाशा अजून फार दूर आहे, आणि नकाशा मिळाला म्हणजे मन मिळाले असेही नाही.

दुसरी अडचण तर्काची, आणि कथेसाठी तीच मोलाची. यंत्र मनाची नक्कल करते तेव्हा मूळही शिल्लक राहते. मग दोघांपैकी खरा कोण? जुन्या कथेत हा पेच उद्भवत नाही, कारण एक देह सुटतो तेव्हाच दुसरा धरला जातो आणि दोन प्रती एकाच वेळी कधीच नसतात. आधुनिक लेखकाला ठरवावे लागते की ही अट ठेवायची की मोडायची. ठेवली तर कथा त्यागाची होते, मोडली तर ओळखीच्या संघर्षाची.

आणि मग कमळाइसा. तिचा नवरा मेला होता. तो उठून बसला, तोच चेहरा, तोच आवाज, पण आत दुसराच कुणी. तिला ते कधी कळले का? केव्हा संशय आला? परंपरेची कथा चक्रधरांची आहे, त्यामुळे ती त्यांच्याबरोबर पुढे निघून जाते आणि कमळाइसा मागे राहते. भविष्यातल्या एखाद्या कादंबरीत हाच प्रसंग तिच्या वयाच्या, सतरा-अठरा वर्षांच्या मुलीच्या तोंडून आला, तर एकही घटना न बदलता सगळे बदललेले असेल.

‘सर्वसमावेशक’ म्हणजे नेमके काय करणे

या प्रकारच्या लेखनाबद्दल एक गैरसमज पक्का आहे. पात्रांच्या यादीत दोन मुली, एक अपंग, एक तृतीयपंथी, एक स्थलांतरित घातला की काम झाले, असे काहींना वाटते. तसे होत नाही. माणूस कथेत असणे वेगळे आणि कथेचे वळण त्याच्या निर्णयावर अवलंबून असणे वेगळे. जैतपाळाच्या कथेत साधू आहेतच की. पण ते फक्त कोंडले जातात आणि सोडले जातात. त्यांना नावे नाहीत. बंदिशाळेत भाकऱ्या पोचवणारी कुणी असणारच, ती तर कथेत दिसतही नाही.

लेखकांपुढे साधारण दोन मार्ग असतात. ‘कॅमलॉट ३०००’ने पहिला घेतला. त्यात ट्रिस्टन हा सरदार भविष्यात स्त्रीच्या देहात जन्माला येतो. जुन्या आठवणी जाग्या झाल्यावर त्याला तो देह परका वाटतो, आणि त्याची पूर्वजन्मीची प्रेयसी इझोल्डही समोर असते. इथे भेद हाच संघर्षाचा विषय आहे. ‘वन्स अँड फ्यूचर’ने दुसरा मार्ग घेतला. एरीला वाढवणाऱ्या दोन आया आहेत. तिचे प्रेम ग्वेनवर, म्हणजे या फेरीतल्या ग्वेनेव्हीरवर, आहे. लॅमरॅक हे पात्र स्वतःला स्त्री किंवा पुरुष यांपैकी एका खणात बसवत नाही. या कुठल्याही गोष्टीचे त्या जगात कुणाला आश्चर्य वाटत नाही. संघर्ष मर्सर कंपनीच्या जुलमाशी आहे, आणि त्यात ही माणसे नेतृत्व करतात.

दुसरा मार्ग वरवर सोपा दिसतो, पण कुमार वाचकासाठी त्याचे मोल वेगळे आहे. आपल्यासारखे पात्र पुस्तकात आले की प्रत्येक वेळी ते सोसतच असते, असे वाचत वाढलेल्या मुलाला तसेच पात्र यान चालवताना, चुका करताना, प्रेमात पडताना दिसते. पहिल्या मार्गाने अन्याय दिसतो, दुसऱ्याने शक्यता दिसते. दोन्ही हवेत. विज्ञानकथेला दुसरा मार्ग अधिक साधतो, कारण तिला जग नव्याने रचण्याची मुभा आहे. ऐतिहासिक कादंबरीला ती तेवढी नाही.

मराठी मध्ययुगाला ही दृष्टी बाहेरून आणावी लागत नाही. चक्रधरांनी स्त्रियांना धर्मज्ञानाचा पूर्ण अधिकार दिला. मासिक पाळीचा विटाळ मानण्याचे कारण नाही, हे त्यांनी तेराव्या शतकात सांगितले. त्यांच्या अनुयायांतली महदाइसा ही मराठीतली आद्य कवयित्री मानली जाते. संतपरंपरेत जनाबाई आहे, चोखामेळा आहे, सोयराबाई आहे. आणि वैनगंगेच्या खोऱ्यात केवळ पोथ्यांच्या कथा नाहीत. कचारगडची गुहा आज गोंदिया जिल्ह्यात आहे; १ मे १९९९ ला जिल्हा वेगळा होण्यापूर्वी ती भंडारा जिल्ह्यात होती. पहांदी पारी कुपार लिंगो यांनी तिथे कोंडलेल्या मुलांना सोडवले, अशी गोंड समाजाची श्रद्धा आहे आणि माघ पौर्णिमेला तिथे मोठी यात्रा भरते. लिंगोची गाथा स्टीफन हिस्लॉप यांनी परधान गायकांकडून टिपून घेतली आणि ती १८६६ मध्ये छापली गेली. पर्वताच्या पोटात बंद झालेली मुले आणि सुरांच्या बळावर उघडणारी शिळा : विज्ञानकथेला याहून चांगले बीज कोणते असणार?

मराठीत ही वाट कुठवर आली

मराठी विज्ञानकथेने पुराण आणि इतिहास दोन्ही वापरून पाहिले आहेत. जयंत नारळीकर यांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली आणि तिला पहिला क्रमांक मिळाला. पुढे ‘वामन परत न आला’ या कादंबरीत त्यांनी वामनावताराची सावली एका यंत्रमानवावर टाकली. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अपघातानंतर अशा जगात पोचतात, जिथे विश्वासराव गोळीतून वाचले आणि मराठे पानिपतात जिंकले. तिथेही पद्धत वर सांगितलेलीच. एक प्रसिद्ध घटना, तिच्यात एकच बदल, आणि त्या बदलाला पुंज भौतिकीतला नियम. या कथेचे इंग्रजी रूप अकरावीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकात असल्याने देशभरातली मुले ती वाचतात.

नारळीकरांच्या कथेचा नायक मात्र प्रौढ प्राध्यापक आहे. मुलांसाठी भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला आणि फास्टर फेणे घडवला. बालभारतीचे ‘किशोर’ १९७१ पासून निघते. एका बाजूला कुमारसाहित्य, दुसऱ्या बाजूला विज्ञानकथा, तिसरीकडे दंतकथा, असे तिन्ही प्रवाह मराठीत भरभरून आहेत. त्यांचा संगम मात्र क्वचित झाला आहे. कुमारवय यासाठी का योग्य, हेही उघड आहे. तलवार उपसतो तेव्हा आर्थर पोरवयाचा असतो. चितेवरून उठलेला हरिपाळ तरुण असतो. आपण कोण, हा प्रश्न दंतकथांतही याच वयात येतो.

श्रद्धा आणि बोली

आर्थर आणि इथल्या कथा यांत एक मोठा फरक आहे. आर्थरची कुणी पूजा करत नाही. मुकुंदराज, चक्रधर, लिंगो हे आजही लोकांच्या श्रद्धेत आहेत. आंभोऱ्याला चैतन्येश्वराच्या दर्शनाला लोक जातात, महानुभाव साधक लीळा पाठ करतात. म्हणून आर्थरच्या कथेत जे स्वातंत्र्य कॅपेटा आणि मॅकार्थी घेऊ शकले ते जसेच्या तसे इथे घेणे उचित नाही. यावर लेखकांना सापडलेला चांगला उपाय म्हणजे पूज्य व्यक्तीला कथेच्या केंद्रातून हलवून कडेला ठेवणे आणि कडेच्या माणसाला केंद्रात आणणे. मुकुंदराज आपल्या जागी राहतात, कथा बंदिशाळेत भाकऱ्या पोचवणाऱ्या मुलीची होते. गोंडांची कथा असेल तर ती सांगण्याचा पहिला हक्क गोंड लेखकांचा आहे. त्यांच्याच तोंडून ती आली तर समावेशक या शब्दाला अर्थ राहील.

राहिला प्रश्न जागेचा आणि भाषेचा. भविष्यातले आंभोरा कल्पायला फार ताण द्यावा लागत नाही. वैनगंगा, कन्हान, आम, मुर्झा आणि कोलारी यांच्या संगमावर गोसीखुर्द धरणाचे पाणी पसरलेले आहे, आणि त्यावरून नागपूर व भंडारा जिल्हे जोडणारा, तारांनी तोललेला पूल २०२४ मध्ये खुला झाला. त्याच्या उंच मनोऱ्यात पाहणाऱ्यांसाठी सज्जा आहे. जुने देऊळ, धरणाचे पाणी आणि एकविसाव्या शतकातला पूल एकाच नजरेत येतात. पण त्या सज्जात उभी असलेली तेविसाव्या शतकातली मुलगी पुण्याच्या पुस्तकी मराठीत बोलू लागली, तर वाचक तिच्यावर विश्वास ठेवणार नाही. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी झाडीबोलीची रूपे नोंदवून ठेवली आहेत. या बोलीत ‘ण’ आणि ‘ळ’ नाहीत. तिला स्वतःची क्रियारूपे आहेत, म्हणी आहेत, लय आहे. दंडारीत ती आजही ऐकू येते. दूरच्या ग्रहावरच्या वसाहतीत धानाची बांधी असेल की नाही हे लेखकाने ठरवावे. तिथे झाडीबोली बोलली जाते, एवढे त्याने ठरवले तर पात्रांची नावे, शिव्या, लाडाचे शब्द आणि विनोद त्याला आयते मिळतील.